हरीण पाडण्याआधी खेपा मोजा: डोंगरातून मांस पाठीवर उतरवण्याची रीत

म्यूल डिअर या उत्तर अमेरिकेतल्या हरणाचा पूर्ण वाढलेला नर साधारण 70 ते 110 किलो भरतो. कातडं, कोथळा, डोकं आणि हाडं वजा केली की हाती लागतं ते 25 ते 35 किलो मांस. आकडा ऐकून नवख्याला हायसं वाटतं. तांदळाचं एक पोतं, त्यात काय मोठंसं! पण त्या मांसाबरोबर तुमची रायफल असते, दुर्बीण असते, पाणी असतं, थंडीचे कपडे असतात. झाले आणखी दहा-बारा किलो. शिंगांसकट कवटी हवी असेल तर त्यावर अजून चार-पाच. आणि हे सगळं घेऊन उतरायचं ते वाट नसलेल्या, घसाऱ्याच्या, आडव्या पडलेल्या झाडांनी अडवलेल्या उतारावरून, बहुतेक वेळा अंधारात.

पुढचं सगळं अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांबद्दल आहे: कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार बंद आहे, तेव्हा तिथे यातलं काहीही लागू नाही. इकडेही परवाना, हंगाम आणि ज्या भागाचा टॅग (एका जनावराच्या शिकारीची परवाना-चिठ्ठी) निघाला तो भाग, हे सगळं जमलं तरच पुढचं वाचा.

ट्रिगरवर बोट ठेवण्याआधी

मांस कसं उतरवायचं हे हरीण पडल्यावर ठरवायचं नसतं. दुर्बिणीत नर दिसला की छातीत धडधड सुरू होते आणि हिशेब विसरतो, म्हणून हा हिशेब सकाळीच, नकाशा समोर घेऊन, करून ठेवावा.

दोन खेपा म्हणजे तीनदा चाल: ओझं घेऊन उतरा, रिकाम्या सॅकनं चढा, पुन्हा उतरा. गाडीपासून 4 किलोमीटरवर हरीण पडलं तर दोन खेपांत 12 किलोमीटर आणि तीन खेपांत 20. मधे दरी असेल तर ओझ्यासकट चढणही आली. समोरच्या डोंगरावर उभा असलेला नर दुर्बिणीतून नेहमी जवळ दिसतो. मधली घळ दुर्बिणीत दिसत नाही. शिवाय गोळी लागलेलं हरीण जागेवरच बसेल याची खात्री नाही. उताराकडे पळालं तर ते बरोबर त्याच घळीत जाऊन पडतं.

माझा स्वतःचा नियम असा: एकटा असेन, मधे खोल दरी असेल आणि दुपारची हवा गरम असेल, तर तो नर माझा नाही. दोनदा असे नर सोडलेत. एकदाची हळहळ अजून आहे, दुसऱ्याची नाही.

चाकांची आशा धरू नका. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या भागात मोटार तर सोडाच, सायकल आणि मांस ओढायची दोन चाकी हातगाडीसुद्धा चालत नाही. घोडा किंवा खेचर चालतं. ते नसेल तर पाठ.

सॅक कशी असावी

ट्रेकची नेहमीची सॅक या कामाला पुरत नाही. शिकारीच्या सॅकमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, ताठ फ्रेम, जी 40 किलोखालीही वाकत नाही आणि वजन खांद्यांवरून कमरेवर उतरवते. दुसरी, पिशवी आणि फ्रेम यांच्या मधली जागा. पट्टे सैल केले की पिशवी फ्रेमपासून सुटी होते आणि मधे मांस ठेवता येतं. खाली एक कप्प्यासारखा आडवा पट्टा असतो, त्यावर ओझं टेकतं. याला इकडे लोड शेल्फ म्हणतात. मांस तुमच्या पाठीला चिकटून राहतं आणि कपडे, पाणी वगैरे हलकं सामान बाहेरच्या बाजूला जातं.

सॅक विकत घेताना दुकानात रिकामी घालून बघण्याला अर्थ नाही. 20 किलो वजन भरून अर्धा तास जिना चढा-उतरा. कंबरपट्टा घसरत असेल तर तो डोंगरातही घसरणारच. हंगामाच्या दोन-तीन महिने आधीपासून वाळूची किंवा मिठाची पोती भरून टेकडी उतरायचा सराव ठेवा. चढण्याचा दम सगळ्यांनाच लागतो. उतरताना लागणारी मांडीची ताकद मात्र उतरूनच येते.

सॅकमध्ये याखेरीज काय हवं? जाळीदार कापडाच्या चार-पाच मांसपिशव्या, एक सुरी आणि तिची जादा पाती, रबरी हातमोजे, पंधरा मीटर मजबूत दोरी, डोक्याचा दिवा आणि त्याच्या जादा बॅटऱ्या, चालायच्या दोन काठ्या, नारिंगी रिबन, हलकी ताडपत्री. आणि रक्त थांबवणारा टूर्निके पट्टा. बदलत्या पात्यांच्या सुऱ्या वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, बोटं गारठलेली असतात आणि दवाखाना लांब असतो.

हरीण पडल्यावर

मागून जवळ जा, लांबूनच काठीनं डोळ्याला स्पर्श करून बघा. पापणी हलली नाही तर रायफलचं चेंबर रिकामं करा आणि ती बाजूला ठेवा. मग टॅग. तारीख, सही, आणखी जे काही त्या राज्याला हवं असेल ते तिथेच पूर्ण करायचं, गाडीपाशी पोहोचल्यावर नाही.

बऱ्याच राज्यांत हरीण नर होतं की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकपणे जोडलेला राहावा लागतो. म्हणजे एका मागच्या मांडीला वृषण किंवा आचळ तसंच सोडायचं. कुठे डोकं बरोबर असलं तरी चालतं, कुठे नाही. त्या वर्षीची नियमपुस्तिका फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण वर नेटवर्क नसतं. खाण्याजोगं मांस टाकून येणं हा या राज्यांत गुन्हा आहे. निव्वळ शिंगं घेऊन परत येणाऱ्याला दंड होतो, परवानाही जातो. व्हावंच.

आता पहिलं काम सुरीचं नाही, दोरीचं. तीव्र उतारावर हरणाला वरच्या बाजूच्या झाडाला बांधा. अर्धं सोललेलं हरीण रक्तानं आणि चरबीनं निसरडं होतं आणि एकदा घरंगळलं की दीडशे फूट खालीच थांबतं. मातीनं माखलेलं ते मांस साफ करण्यात तास जातो. मी तो तास घालवलेला आहे.

कोथळा न काढता सोलणं

जुनी पद्धत पोट फाडून आधी आतडी काढण्याची. वाटेजवळ असाल तर ती ठीक. पाठीवर मांस न्यायचं असेल तर पोटाला हात न लावता तुकडे काढणं सोपं आणि स्वच्छ पडतं.

हरीण एका कुशीवर. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातड्याला एक सरळ चीर द्या. सुरीची धार आतून बाहेर, म्हणजे केस कापले जात नाहीत आणि मांसाला चिकटत नाहीत. कातडं पोटाच्या दिशेनं सोलत न्या. ते जमिनीवर पसरलं की तीच तुमची स्वच्छ चटई.

पुढचा पाय आधी. त्याला धडाशी जोडणारा सांधा नसतो, नुसते स्नायू असतात. पाय वर उचला आणि बरगडीला लागून सुरी फिरवा, पाय हातात येतो. नवख्याला इथे पहिल्यांदा धीर येतो. मागची मांडी थोडी अवघड, कारण तिथे उखळीचा सांधा आहे. आतल्या बाजूनं कमरेच्या हाडाला धरून कापत गेलात की पांढरा गोल दिसतो. त्याभोवतीचा पडदा आणि आतली लहानशी दोरीसारखी शीर कापली की मांडी सुटते. करवत लागत नाही, कुऱ्हाड तर नकोच.

मग कण्याच्या बाजूनं धावणारी पाठीच्या मांसाची लांब पट्टी, मानेचं मांस, बरगड्यांवरचं आणि मधलं. कण्याच्या आतल्या बाजूला दोन लहान, सगळ्यात कोवळ्या पट्ट्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे छोटी चीर देऊन, पोट हातानं खाली दाबून, त्या बोटांनी सोडवून काढता येतात. त्या सोडून येऊ नका. हे झालं की हरीण उलटा आणि दुसऱ्या कुशीवर पुन्हा तेच.

या पद्धतीचा आणखी एक फायदा. हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे, 1967 साली तो प्रथम कोलोरॅडोत पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये दिसला. तो विकृत प्रथिनांमुळे होतो आणि शिजवल्यानं ती नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. त्यामुळे कणा किंवा मेंदू कापायचा नाही, आणि अनेक राज्यांत ते भाग हद्दीपलीकडे नेताही येत नाहीत. कणा तिथेच राहिला की निदान त्याचा प्रश्न उरत नाही. तपासणीसाठी डोकं किंवा लसीकाग्रंथी द्यावी लागत असेल तर ते वजनही खेपांच्या हिशेबात धरा.

उष्णता बाहेर काढा

जिवंत हरणाचं अंग 38-39 अंशांचं असतं. 4 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात. म्हणजे मांस सुटं झाल्या क्षणापासून घड्याळ सुरू. सगळ्यात आधी बिघडतं ते मागच्या मांडीच्या हाडाजवळचं. बाहेरून थंड लागतं आणि आत आंबूस वास सुटतो.

प्रत्येक तुकडा मांसपिशवीत घाला आणि सावलीत फांदीला लटकवा, चहूबाजूंनी वारा लागेल असा. झाड नसेल तर दोन ओंडक्यांवर आडवा ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत ऊब आणि ओल कोंडते, तिथे मांस काही तासांत चिकट होतं. पिशवी गाडीपर्यंत रक्त गळू नये म्हणून वापरायची तर मांस पूर्ण थंड झाल्यावरच. ओढ्याच्या पाण्यात मांस धुऊ नका. कोरडी साय धरली की ते टिकतं. सकाळी सूर्य कुठून येणार आहे तेही बघून ठेवा. संध्याकाळची सावली सकाळी आठला उन्हात असते.

रात्री पाणी गोठत असेल आणि दिवसा सावलीत हवा गार असेल तर लटकवलेलं मांस दोन दिवस सहज थांबतं. हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण नवखे घाई करतात ती मांस सडेल या भीतीनं. मांस थंड झालं असेल तर तुम्हाला वेळ आहे. अंधारात, दमलेल्या पायांनी शेवटची खेप मारायची गरज नाही.

हाडं ठेवायची की काढायची?

हाडं काढली की वजनात चांगला फरक पडतो. पण मांस अजून ताठरलेलं नसताना हाडावरून सोडवलं तर ते आखडतं आणि शिजवल्यावर चिवट लागतं. हाडासकटचा तुकडा सॅकमध्ये आकार धरून राहतो. सुटं मांस पिशवीच्या तळाशी गोळा होतं आणि चालताना डुलतं. दोन किलोमीटरच्या आत असेन तर मी हाडं ठेवतो. त्याहून लांब असेल तर निदान मांड्यांची हाडं रात्रभर लटकवून सकाळी काढतो. काढताना नर-मादीचा पुरावा मांसाच्या मोठ्या तुकड्याला जोडलेला राहिला की नाही, ते बघायचं.

भरणं

इथे चूक झाली तर खालचा प्रत्येक पाऊल ती चूक सांगत राहतो.

सॅक उताराच्या वरच्या बाजूला, कंबरेच्या उंचीच्या दगडावर किंवा ओंडक्यावर ठेवा. सगळे पट्टे मोकळे करा. सुटं मांस असेल तर मांसपिशवीला दोरीचे दोन-तीन आडवे वेढे घट्ट द्या, म्हणजे तिची लांबट गुंडाळी होते आणि मांस तळाशी घसरत नाही. ती गुंडाळी उभी, फ्रेमला अगदी चिकटवून लोड शेल्फवर ठेवा. सगळ्यात जड भाग पाठीच्या मधोमध, खांद्याच्या फऱ्यांच्या किंचित खाली यायला हवा. त्याहून वर गेला तर घसाऱ्यावर सॅक तुम्हाला डोलवते. खाली गेला तर खांदे मागे ओढले जातात आणि प्रत्येक पावलाला ओझं ढुंगणावर आदळतं. पाठीपासून चार बोटं जरी लांब राहिला तरी तेच 25 किलो 35 चे वाटतात.

डावी-उजवी बाजू तोला. एका बाजूला मांडी आणि दुसऱ्या बाजूला कपडे असं झालं तर एका तासात कंबर दुखते. मग आवळण्याचे पट्टे खालून वर, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ओढा. सॅक हातानं हलवून बघा. आतलं काही हललं तर पुन्हा सोडा आणि पुन्हा बांधा. कंटाळा येतो, तरीही.

पाणी, दिवा, खाऊ आणि सॅटेलाइट मेसेंजर (नेटवर्क नसताना उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) हाताला लागेल असं वर किंवा कंबरपट्ट्याला. शिंगं नेत असाल तर टोकं खाली आणि बाहेर, तुमच्या डोक्यामागे नाहीत, आणि त्यांना नारिंगी रिबन गुंडाळा. झाडीतून हलणारी शिंगं दुसऱ्या शिकाऱ्याला काय दिसतील, याचा विचार करा. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कंबरेच्या वर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तसंच डोकं झाकणारं काहीतरी सक्तीचं आहे. पण सॅक पाठीवर आली की मागची बंडी झाकली जाते. म्हणून सॅकवरही नारिंगी कापड बांधा.

एका खेपेत किती? रोज ओझं उचलणारा धडधाकट माणूस आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वाट नसलेल्या उतारावर सांभाळून नेऊ शकतो. मी 75 किलोचा, म्हणजे 25. पहिल्या हंगामात मी सगळं एकाच फेरीत उचललं, फुशारकीपोटी. गाडी दिसायला लागली आणि गुडघा मुरगळला. पुढचे तीन आठवडे जिना एकेक पायरी करत उतरलो.

उठणं आणि उतरणं

जमिनीवरची जड सॅक हिसका मारून खांद्यावर घेऊ नका. सॅकला पाठ टेकून बसा, हात पट्ट्यांत घाला, कंबरपट्टा लावा. मग कुशीवर वळून गुडघ्यांवर या आणि काठ्यांच्या आधारानं एक पाय, मग दुसरा. दृश्य बघण्यासारखं नसतं. बघतंय कोण?

पट्ट्यांचा क्रम: सगळे सैल, मग आधी कंबरपट्टा. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की जे हाड लागतं, बरोबर त्यावर तो बसला पाहिजे, पोटावर नाही. मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील इतके. मग खांद्यावरून वर सॅककडे जाणारे छोटे पट्टे, ते ओढले की ओझं पाठीला लागतं. उतरताना ते थोडे जास्त आवळा. छातीचा पट्टा शेवटी आणि ढिलाच.

काठ्या उतारासाठी पाच-दहा सेंटीमीटर लांब करा. सरळ खाली जाऊ नका. नागमोडी, आखूड पावलं, गुडघे किंचित वाकलेले. पडलेल्या झाडांच्या गर्दीत काठ्यांचे फासे मनगटातून काढून टाका, नाहीतर काठी अडकली की हात जातो. ओंडक्यावर पाय देऊ नका, त्यावरून ओलांडा. सालीखाली ओल असते. दोघे असाल तर एकमेकांच्या बरोबर खाली कधीच चालू नका, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो.

घळ गाडीकडे सरळ उतरताना दिसते, तिचा मोह टाळा. सगळी मोडकी झाडं, सुटे दगड आणि शेवटी बहुधा एखादा कडा तिथेच असतो. डोंगराची सोंड लांब पडली तरी सोंडच धरा. चढतानाच परतीची वाट जीपीएसवर नोंदवत जा आणि अवघड वळणांवर रिबन बांधा, शेवटच्या खेपेत ती सोडवून आणा. ओढा ओलांडताना छातीचा आणि कमरेचा पट्टा मोकळा करा. पडलात तर सॅक सुटली पाहिजे, तुम्हाला पाण्यात दाबून धरता कामा नये.

दर वीस मिनिटांनी थांबा, पण सॅक उतरवू नका. ओंडक्यावर किंवा दगडावर तिचा तळ टेकवून मागे रेला. पूर्ण बसलात तर पुन्हा उठण्याची ताकद त्यातच खर्च होते.

मागे राहिलेलं मांस

पहिली खेप खाली जाते तेव्हा उरलेलं मांस सांगाड्यापासून निदान शंभर मीटर दूर, आणि लांबून दुर्बिणीनं दिसेल अशा मोकळ्या जागी लटकवा. मोंटाना आणि वायोमिंगच्या ग्रिझली अस्वलांच्या भागात यावर तुमचा जीव अवलंबून आहे. परत येताना वाऱ्याचा अंदाज घ्या, मोठ्यानं बोलत या, आणि आधी दुर्बिणीतून बघा. पिशवी खाली पडलेली दिसली, माती उकरून सांगाड्यावर ओढलेली दिसली, तर मागे फिरा. ते मांस आता अस्वलाचं. अस्वलाला पळवायचा तिखट फवारा सॅकमध्ये नाही, कंबरपट्ट्यावर, एका हातानं निघेल असा.

आधी मांस, शिंगं शेवटच्या खेपेला.

गाडीत बर्फाची पेटी तयार ठेवलेली असावी. मांस बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, पेटीचं बूच उघडं ठेवून पाणी जाऊ द्या. घरी आल्यावर गोळीच्या जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं काढून टाका, शिशाचे कण डोळ्यांना दिसतात त्याहून लांब उडालेले असतात. रोगाची तपासणी दिली असेल तर निकाल येईपर्यंत पाकिटांवर तारीख आणि टॅगचा क्रमांक लिहून ती वेगळी गोठवा.

आणि सॅक त्याच रात्री धुवा, थंड पाण्यानं. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो, आणि तोच वास घेऊन तुम्ही पुढच्या वर्षी अस्वलांच्या मुलखात झोपता.